पाच नंबरची लेन

मे महिन्यातला दुसरा शनिवार. दुपारचे बारा वाजून एकतीस मिनिटं. रक्कम दोन हजार रुपये, पाचशेच्या चार नोटा. हजर माणसं चार: जिल्हा जलतरण संघटनेचे सचिव, आमच्या क्लबचे कोच, ओल्या कॉस्च्यूमवर टॉवेल गुंडाळून उभी असलेली माझी तेरा वर्षांची मुलगी, आणि मी. नोटा मी टेबलावर ठेवल्या, पण त्यांच्यावरचा हात उचलला नाही.

"पहले रसीद," मी म्हटलं.

सचिव हसले. "प्रोटेस्ट की फीस है मैडम. कोई लेकर भाग थोड़ी रहा है."

"मैं भी कहाँ भाग रही हूँ? सुबह साढ़े छह से यहीं हूँ."

"मम्मी, प्लीज़," मुलगी टॉवेलच्या आतून कुजबुजली. "सीन मत करो."

घरी आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो आणि ती हिंदीत उत्तर देते. लाज वाटली की मात्र ती आमच्याशी कुठल्याच भाषेत बोलू इच्छित नाही. तेव्हा ती तशीच, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मला त्यात सीन काही दिसत नव्हता. रायपूरच्या समता कॉलनीतल्या एका दवाखान्याचे हिशेब मी एकोणीस वर्षं पाहते आहे. तिथे साध्या ड्रेसिंगचीसुद्धा पावती फाडली जाते आणि पेशंटने मागितली नाही तरी मी ती त्याच्या हातात देते. पैसे घेणाऱ्याने लिहून द्यायचं असतं. हे कळायला जलतरणाचे नियम माहीत असावे लागत नाहीत.

पावतीपुस्तक कुणाकडेच नव्हतं. शेवटी सचिवांनी उरलेल्या एका प्रवेश अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं. मी वेळ टाकायला लावली. त्यांनी घड्याळ पाहून १२.३१ लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मग मी हात उचलला.

आता सकाळपासूनचं सांगते.

हजेरीची वेळ साडेसहाची होती. तात्यापाऱ्यातून आम्ही सहा वाजता स्कूटरने निघालो, कारण उशीर झाला तर मुलीचं नाव कापतात. मुलींचं नाव कापतात. पाहुण्यांचं कापत नाहीत. पाहुणे नऊला आले, पहिली शर्यत नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटली. तोवर सात वाजता वॉर्मअप करून बाहेर आलेल्या मुली दोन तास ओल्या कॉस्च्यूममध्ये फरशीवर बसून होत्या. पालकांना पूलच्या काठावर जायची परवानगी नसते. आमच्यासाठी तीन सिमेंटच्या पायऱ्या आणि वर टिनाचं छप्पर. मे महिन्यात रायपुरात टिनाच्या छपराखाली बसण्यापेक्षा सरळ उन्हात बसलेलं बरं, असं एका बाप्याने म्हटलं आणि तो खरंच उन्हात जाऊन बसला. बायकांच्या बाथरूमची किल्ली चौकीदाराकडे होती आणि चौकीदार हार आणायला गेला होता.

काठावर एक टेबल मांडलेलं होतं, लाल कापड घातलेलं. त्यावर पाहुण्यांना द्यायची स्मृतिचिन्हं. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी ती मोजली. बावीस. शाली वेगळ्या. त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर स्टॉपवॉच होती, सहा. त्यांतली दोन बंद होती. एक पंच त्यांतलं एक कानाशी धरून हलवत होता तेव्हाच मला ते कळलं. सेल संपले होते. चाळीस-पन्नास रुपयांचा एक सेल येतो. आमच्याकडून प्रत्येक शर्यतीचे तीनशे रुपये घेतले होते आणि सर्टिफिकेटचे पन्नास वेगळे.

पूलमध्ये सहा लेन, चालू घड्याळं चार. तेव्हा व्यवस्था अशी केली: एक आणि सहा नंबरच्या लेनला एकेक पंच, दोन आणि तीनला मिळून एक, चार आणि पाचला मिळून एक. एकाच घड्याळावर दोन मुलींची वेळ घ्यायची असेल तर पहिला हात भिंतीला लागला की एक बटण, दुसरा लागला की दुसरं. घड्याळ दोन्ही वेळा सांगतं. कोणती वेळ कोणाची, ते मात्र माणसाने लक्षात ठेवायचं. दोन-तीनवर एक बाई होत्या. जी आधी आली तिचा नंबर त्या पेनाने तळहातावर लिहीत. चार-पाचवर एका शाळेचे पीटी सर होते. पन्नाशी उलटलेली, पांढरी टोपी. दर हीटला गुडघ्यावर बसायचं आणि हात टेकून उठायचं.

हीट म्हणजे एका वेळी सोडलेल्या सहा मुली. फायनल वेगळी नसते. सगळ्या हीटमधल्या वेळा एकत्र करतात आणि त्यावरून नंबर लावतात. म्हणजे कोण कोणाच्या पुढे होतं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं तरी उपयोग नाही. कागदावर काय चढलं तेवढंच खरं.

माझी एक सवय आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणारी शर्यतींची यादी मी वहीत उतरवते आणि मुली ज्या क्रमाने पोहोचतील त्या क्रमाने त्यांच्या लेनपुढे आकडा टाकते. माझी मुलगी पाण्यात नसेल तेव्हाही. नवरा विचारतो, हे कशाला? लोक मोबाइल पाहतात, मी आकडे लिहिते.

माझ्या शेजारी बीरगावची बाई बसली होती. दोन वर्षं आम्ही प्रत्येक स्पर्धेत शेजारी बसतो. तिचा नवरा तिथल्या कारखान्यात पाळीवर असतो, ती घरी शिवणकाम करते. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची, आधी गावच्या तलावात पोहायला शिकलेली, नारंगी टोपी घालणारी. दोघी मायलेकी दोन ऑटो बदलून येतात. तिच्या डब्यात तांदळाच्या पिठाचा फरा असतो, माझ्या डब्यात तिखट शंकरपाळे, आणि डबे नेहमी एकमेकींच्या मांडीवर जातात. ती मला दीदी म्हणते. वयाने मी मोठी आहे, तेव्हा ठीकच.

त्या दिवशी पणाला काय होतं ते सांगायला हवं. प्रत्येक शर्यतीतल्या पहिल्या दोघी राज्यस्पर्धेला जाणार होत्या. दोघीच. माझी मुलगी चार वर्षं पहाटे साडेपाचला पूलमध्ये उतरते आहे आणि तिची एकच शर्यत आहे, शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक. बाकी सगळ्यात ती मध्यम. मागच्या वर्षी ती तिसरी आली होती. घरी येऊन तिने कॉस्च्यूम वाळत घातला नाही. दोन दिवस तो पिशवीतच कुजत राहिला.

सव्वाअकराला तिची हीट झाली. ती पाचव्या लेनमध्ये, बीरगावची मुलगी चौथ्या. आम्ही दोघी पायरीवर उभ्या राहिलो आणि आपापलं नाव घेऊन ओरडत होतो. पंचाहत्तर मीटरला माझी मुलगी सुटली. भिंतीला तिचा हात लागला तेव्हा नारंगी टोपी चांगली चार-साडेचार मीटर मागे होती. माझ्या मनगटी घड्याळावर एक मिनिट साडेचौतीस. मी वहीत पाचपुढे एक आणि चारपुढे दोन लिहिलं.

"तोर वाली तो उड़त रिहिस," बीरगावची म्हणाली. तुझी तर उडत होती. मग हसून, "मोर वाली तैरत रिहिस."

बारा वाजून पाच मिनिटांनी ग्रुपवर निकालाच्या कागदाचा फोटो आला. पहिली कुणी दुसरीच, एक मिनिट एकतीस पूर्णांक आठ. दुसरी बीरगावची मुलगी, एक चौतीस पूर्णांक दोन. माझी मुलगी पाचवी. एक अडतीस पूर्णांक सहा.

मी फोटो मोठा करून पाहिला. मग वही पाहिली. मग पुन्हा फोटो.

कोच म्हणाले, "हो जाता है मैडम. अगले साल देख लेंगे." नवऱ्याला फोन केला. तो रेल्वेत आहे आणि ड्युटीवर होता. "काहून भांडून राहिली तू तिथं?" तो म्हणाला. "उद्या पोट्टीलेच त्रास देतीन ते लोक."

"भांडून नाही राहिले. मोजून राहिले," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पीटी सर पाणी प्यायला गॅलरीखालच्या नळाशी आले होते. मी कठड्यावरून वाकून विचारलं, "सर, चार-पाच की घड़ी में ब्रेस्टस्ट्रोक वाला टाइम अभी है क्या?" घड्याळात शेवटच्या काही हीटच्या वेळा राहतात. त्यांनी ते गळ्यातून काढून बटण दाबलं आणि वर धरलं. पहिली वेळ एक चौतीस पूर्णांक दोन. दुसरी एक अडतीस पूर्णांक सहा.

"और लिखा कैसे?"

"क्रम से लिखा हूँ मैडम. पहले चार, फिर पाँच."

"लेकिन पहले तो पाँच आई थी."

त्यांनी टोपी काढली. "सुबह मीटिंग में बोले थे कि लेन के क्रम से लिखना है, काटना-पीटना नहीं है, शीट साफ जानी चाहिए." ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना बोलताना कळलं असावं. "हव," ते हळू आवाजात म्हणाले, "सुबह से ऐसे ही लिखा हूँ."

म्हणजे शीट स्वच्छ राहावी म्हणून चौथ्या लेनला नेहमी पहिली वेळ आणि पाचव्या लेनला नेहमी दुसरी. पाचवीत पोहणारी मुलगी कितीही वेगाने आली तरी तिला मागच्या मुलीचीच वेळ मिळणार.

बीरगावची माझ्याकडेच पाहत होती. तिने सगळं ऐकलं नव्हतं, पण माझं तोंड पाहिलं होतं. "का होगे, दीदी?"

मी सांगितलं. वही दाखवली. हेही सांगितलं की मी प्रोटेस्ट करणार आहे, आणि तो मान्य झाला तर तुझी मुलगी दुसरीची पाचवी होईल.

तिने वही जवळ ओढली. "मेरी वाली पीछे थी, मैं भी देखी हूँ," ती म्हणाली. "लेकिन कागज में तो ऊपर है न, दीदी." मग म्हणाली, "इसके पापा को फोन कर दी हूँ. कागज में पहली बार ऊपर आई है."

तिने डबा बंद केला, तो पिशवीत घातला आणि ती दोन पायऱ्या खाली जाऊन बसली. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटणं हे चुकीचा आकडा राहू देण्याचं कारण होत नाही. चूक आमच्या दोघींपैकी कुणाचीच नव्हती, आणि ज्यांची होती ते कूलरसमोर जेवत होते.

प्रोटेस्टवर टीमच्या कोचची सही लागते. पालकाला तक्रार करायचा हक्कच नाही, तो फक्त पैसे देऊ शकतो. कोच सही करेनात. "मुझे यहीं काम करना है मैडम. हर महीने इन्हीं के सामने खड़ा होना है." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी वहीचं एक पान फाडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"ठीक आहे. मग यावर लिहून द्या की चूक दाखवली तरी मी सही करणार नाही. खाली तारीख, वेळ, नाव."

त्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि प्रोटेस्टच्या अर्जावर सही केली.

तर बारा एकतीसला मी पैसे दिले आणि पावती घेतली. पावती माझ्या पर्समध्ये गेल्यावर सचिवांना नियम आठवला.

"वैसे टाइम तो निकल गया है. आधे घंटे के अंदर प्रोटेस्ट होता है. रेस सवा ग्यारह की है."

मी प्रवेश अर्जाची झेरॉक्स काढली. मी अर्ज भरते तेव्हा त्याची झेरॉक्स ठेवते आणि मागची बाजूही वाचते. नववा नियम: निकाल जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांत. निकाल ग्रुपवर बारा पाचला आला. मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "छब्बीस मिनट हुए हैं. आपने ही लिखकर दिया है."

"निकाल लागायच्या आधी हरकत कशी घेणार, तेही सांगा," हे मी मराठीत बोलले. त्यांना कळलं. रायपुरात मराठी सगळ्यांनाच थोडंफार कळतं, सोयीचं असेल तेव्हा.

"आपका वीडियो, आपकी घड़ी, कुछ नहीं चलेगा. रूल है."

"मेरा कुछ मत देखिए. अपने पंच की घड़ी देखिए."

कूलरच्या खोलीत तिघांची समिती बसली. कोच आत, मी दाराबाहेर. मुलगी माझ्यापासून चार पावलं दूर, कुणी ओळखू नये अशी. आतून सचिवांचा आवाज येत होता, मग पीटी सरांना बोलावलं. सर अकरा मिनिटं आत होते. बाहेर आले ते माझ्याकडे न पाहता पूलकडे गेले. मागून कोच आले.

"हो गया. आपकी बेटी सेकंड."

चार नोटा परत मिळाल्या. त्याच चार, एकीच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग होता. मी मुलीकडे वळले. मला वाटलं होतं ती हसेल, निदान टॉवेल तरी सोडेल. तिचा चेहरा तसाच होता.

"अब वो पाँचवीं हो गई न?" ती म्हणाली.

"हो."

"मम्मी, सुबह फिफ्टी फ्री में वो भी लेन पाँच में थी."

मला हे सुचलं नव्हतं. प्रामाणिकपणे लिहायचं तर ज्या क्षणी माझ्या मुलीचा आकडा बरोबर झाला त्या क्षणी मी वही पिशवीत टाकली होती. ती मी पुन्हा काढली. पन्नास मीटर फ्रीस्टाइल, तिसरी हीट. पाचव्या लेनपुढे माझ्याच अक्षरात एक. चौथ्यापुढे दोन. निकालात चौथ्या लेनची मुलगी दुसरी आली होती, चौतीस पूर्णांक एक. बीरगावची चौथी, पस्तीस. अदलाबदल केली की नारंगी टोपी राज्याला जात होती.

मग मी तिथेच उभ्या उभ्या सगळी वही तपासली. सकाळपासून सव्वीस हीट झाल्या होत्या. माझ्या मुलीची सोडून त्यांतल्या अकरांत पाचवी लेन चौथीच्या आधी आली होती. अकरा हीट, बावीस मुली, प्रत्येकीला दुसरीची वेळ.

मी पुन्हा टेबलाशी गेले आणि सचिवांना वही दाखवली. त्यांनी हात जोडले. खरंच जोडले. "मैडम, आपका हो गया न? अब घर जाइए."

"ग्यारह रेस गलत हैं."

"तो ग्यारह प्रोटेस्ट आएँगे, ग्यारह फीस आएगी, देख लेंगे. जिसका प्रोटेस्ट, उसका सुधार."

म्हणजे बावीस हजार रुपये भरले की संघटना स्वतःच्या चुका दुरुस्त करणार होती. मी हे त्यांना त्याच शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, नियम मी बनवले नाहीत. मी म्हटलं, सेल तर तुम्हीच आणले नाहीत. मागे उभ्या असलेल्या दोघातिघांना हसू फुटलं आणि सचिवांचा चेहरा लाल झाला. कोच माझ्या दंडाला हात लावू की नको अशा बेताने मागे उभे होते.

मी गॅलरीत जाऊन अकरा हीट मोठ्याने वाचल्या. निम्मे पालक निघून गेले होते. ज्यांच्या मुली चौथ्या लेनमध्ये होत्या ते म्हणाले, बसा हो मॅडम. एकाने विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं आहे? पाचव्या लेनवाले दोघे सापडले. एकाने दोन हजार ऐकून खांदे उडवले, दुसरा म्हणाला, जाऊ द्या, मुलगी आता ट्यूशनला गेली.

बीरगावची आपल्या पायरीवरच बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि तिसरी हीट दाखवली. तिने वहीवरून बोट फिरवलं. पाच. एक.

"दो हज़ार?" तिने विचारलं.

"ये वाले," मी नोटा दाखवल्या. "अभी वापस मिले हैं."

"आप क्यों देंगी?" तिचा आवाज चढला. "पहले इधर से निकालीं, अब उधर से डालेंगी? मेरी लड़की कोई खाता है?"

ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी म्हटलं, "तुझ्या मुलीसाठी नाही देत. त्यांनी चूक केली आहे आणि ती त्यांना दाखवायची फी मागताहेत. मला ती त्यांच्या तोंडावर भरायची आहे."

मग तिने मोबाइल काढून नवऱ्याला फोन लावला. त्याची जेवणाची सुट्टी असावी. छत्तीसगढ़ीत भराभर बोलली, मला अर्धंच कळलं. फोन ठेवून म्हणाली, "आधा हमारा. अभी आ रहा है." दोन मिनिटांत माझ्या मोबाइलवर हजार रुपये जमा झाले.

आम्ही दोघी टेबलाशी गेलो. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बीरगावच्या कोचऐवजी त्यांच्या क्लबच्या एका बाईंनी न बोलता सही केली. सचिवांनी निकालाची वेळ पाहिली, दहा पंचेचाळीस. "ये तो टाइम के बाहर है. किसी भी हिसाब से." या वेळी ते बरोबर होते आणि आम्हाला दोघींना ते माहीत होतं.

"लिख लीजिए कि देर से आया," मी म्हटलं. "लेकिन लीजिए."

पीटी सरांना पुन्हा बोलावलं. घड्याळातली सकाळची वेळ केव्हाच पुसली गेली होती. आता फक्त त्यांचं म्हणणं उरलं होतं आणि ते त्यांनी म्हटलं नाही तर आम्ही दोन हजार देऊन घरी जाणार होतो. या वेळी दार उघडंच होतं.

"बाकी का मुझे याद नहीं है," सर म्हणाले. "झूठ नहीं बोलूँगा. लेकिन वो नारंगी टोपी वाली याद है. दीवार को हाथ मारी तो मेरे पूरे कपड़े भीग गए थे. पहले वही आई थी."

"सर, सोच लीजिए," सचिव म्हणाले. "एक बार सुधारे, दो बार सुधारे, लोग क्या बोलेंगे?"

सरांनी टेबलावरच्या शीटचा गठ्ठा उचलला. दिवसाच्या शेवटी प्रत्येक पानावर पंचाची सही लागते, तरच निकाल राज्याकडे जातात. "इसमें मेरा दस्तखत चाहिए न आपको? तो ये ठीक कीजिए. नहीं तो मैं एक पन्ने पर भी नहीं करूँगा. सुबह से एक घड़ी में दो-दो लेन पकड़ रहा हूँ, घुटना फूट गया है, और शीट साफ चाहिए."

समितीतल्या एकाने पेन पुढे केलं. सरांनी त्या स्वच्छ शीटवर आडवी रेघ मारली, वेळा बदलल्या आणि प्रत्येक रेघेशी सही केली. खाडाखोड चांगली ठसठशीत होती.

बाकीच्या दहा हीट तशाच राहिल्या. त्या मुलींपैकी दोघी तरी राज्याला जायला हव्या होत्या, असं माझी वही सांगते. ते निकाल आजही चुकीचे आहेत. मी संघटनेला ती यादी लिहून पाठवली, पोच घेतली, उत्तर आलेलं नाही. पुढच्या स्पर्धेचा अर्ज आला तेव्हा त्यात एक नवा नियम होता: पालकांनी पूल परिसरात नोंदी ठेवू नयेत. मी अर्ज भरला, झेरॉक्स काढली आणि त्या नियमाखाली लिहिलं, मान्य नाही.

त्या दुपारी समितीचा निर्णय आमच्या कोचने वाचून दाखवला. प्रोटेस्ट उशिरा आला असल्याने फी जप्त. निकाल मात्र दुरुस्त. दोन्ही एकाच वाक्यात. बीरगावची मुलगी दुसरी. माझ्या मुलीने कठड्यावरूनच तिला दोन बोटं दाखवली, आणि पलीकडून नारंगी टोपी हवेत उडाली.

शेवटी दिलेली रक्कम: दोन हजार रुपये, पाचशेच्या चार नोटा. घेणारे: संघटनेचे सचिव. देणाऱ्या: हजार बीरगावच्या मुलीची आई, हजार मी. पावती एक, दोघींच्या नावाने, पुन्हा एका अर्जाच्या मागच्या बाजूवर. कारण म्हणून त्यांनी आधी "प्रोटेस्ट फीस" लिहिलं होतं. मी ते त्यांना खोडायला लावलं आणि "संघटनेची चूक दुरुस्त करण्याबद्दल" असं लिहून घेतलं.